मॅनेजरवर चिडायचं कसं: रात्रीच्या लाइटीवर बेसबॉल पाहणाऱ्याची रीत

बेसबॉलच्या मॅनेजरवर, म्हणजे सामन्यात कोण कधी खेळणार हे ठरवणाऱ्या मुख्य कोचवर, चिडायला रात्री साडेबारा-एकपासून सुरुवात करावी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी पावणेसात-सातचा सामना असला की लाइनअप, म्हणजे खेळणाऱ्या नऊ जणांची क्रमवार यादी, साधारण तीन-चार तास आधी जाहीर होतं. तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. सामना सुरू होतो आपल्या पहाटे सव्वाचार-साडेचारला. मधल्या वेळात निम्मी चिडचिड उरकून घेता येते. खरा सामना सुरू झाल्यावर डोकं थंड असलेलं बरं, कारण खरे राग तिथं लागतात.

मी यावल तालुक्यातला केळीवाला. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करून खाटेवर बसायचं, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, फिल्टर साफ करायचा आणि बाकी वेळ मोबाइल. त्या वेळी जगात जिवंत चाललेला खेळ म्हणजे अमेरिकेतला बेसबॉल. नियम मला पोरीनं शिकवले. ती शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये आहे, आणि जळगाव जिल्ह्यात सॉफ्टबॉल म्हणजे काही परका खेळ नाही. घरच्यांचं म्हणणं एकच: "इतकं काय पाहून राह्यले त्या मोबाइलात?" त्याचं उत्तर देत बसत नाही, पण जो कोणी हा खेळ नव्यानं पाहायला लागलाय आणि आपल्या टीमचा मॅनेजर गाढव आहे अशी ज्याची खात्री पटत चालली आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं काम वहीचं. कृषी सेवा केंद्रातून फुकट मिळालेली डायरी चालते. लाइनअप जाहीर व्हायच्या आधी आपले नऊ जण आपण लिहायचे, क्रमानं, कोण कुठे उभा राहणार त्यासकट. मगच मोबाइल उघडायचा. आधी त्यांचं लाइनअप पाहिलं की आपण फक्त खोड्या काढतो. कोरं पान समोर असलं की कळतं, नऊ जागा आहेत आणि आपल्या लाडक्यांपैकी तिघं एकाच जागेवर खेळतात. माझ्या निम्म्या तक्रारी या वहीनंच गिळल्या. शॉर्टस्टॉपला (एका ठरलेल्या जागेच्या फील्डरला) बाहेर बसवला म्हणून बोंब मारायची, तर त्याच्याऐवजी ज्याला उभा केलाय त्याचं नाव आपल्याच वहीत दुसऱ्या जागेवर लिहिलेलं असतं.

टीममध्ये खेळाडू असतात २६. त्यातले निम्मे तर पिचर, म्हणजे बॉल टाकणारे. उरलेल्यांतून आठ जण मैदानावर आणि एक जण फक्त बॅटिंगसाठी, ज्याला डीएच म्हणतात. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये, म्हणजे टीमच्या दोन्ही गटांत, डीएच आहे, म्हणून पिचरला आता बॅट घ्यावी लागत नाही. आणि एक नियम पक्का लक्षात ठेवा, कारण अर्धे राग त्यावर उभे आहेत: बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. पोरीच्या सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत आणता येतं, इथं तेही नाही. तेव्हा पाचव्या इनिंगला (सामन्यात नऊ इनिंग, म्हणजे बॅटिंगच्या नऊ पाळ्या) "अरे त्याला आत पाठव ना" असं ओरडण्याआधी हा विचार करा की आठव्या इनिंगला तो लागणार असेल तर?

नंबरावरून किती चिडावं

सगळ्यात जास्त बोंब बॅटिंग ऑर्डरवरून होते, आणि सगळ्यात कमी फरक तिथंच पडतो. हिशोब साधा आहे. हंगामात १६२ सामने. ऑर्डरमध्ये एक नंबर वर गेलं की बॅटरला हंगामभरात साधारण १८ वेळा जास्त बॅटिंग मिळते. म्हणजे पहिला आणि नववा यांच्यात दीडशेच्या आसपास फरक. चांगल्या बॅटरला आठव्यावर टाकलं तर तोटा आहेच. पण दुसऱ्याला चौथा आणि चौथ्याला दुसरा केला, यात काही आभाळ कोसळत नाही. आकडेमोड करणाऱ्यांनी कॉम्प्युटरवर हंगामच्या हंगाम खेळवून पाहिलेत. नेहमीची ऑर्डर आणि अगदी उत्तम ऑर्डर यांच्यात वर्षाला दहा-पंधरा रनांचा फरक निघतो, आणि दहा रनांना एक विजय असा त्यांचा ठोकताळा आहे. १६२ सामन्यांत एक-दीड विजय. तेवढ्यासाठी पहाटे साडेचारला रक्तदाब वाढवणं परवडत नाही.

१९७२ मध्ये डेट्रॉइट टायगर्सचा मॅनेजर बिली मार्टिन यानं हरून हरून वैतागून नावं टोपीत टाकली, चिठ्ठ्या काढल्या आणि निघतील त्या क्रमानं बॅटिंगला पाठवले. नॉर्म कॅश, मधल्या फळीतला दणकट माणूस, पहिल्या नंबरवर आला. क्लीव्हलँडविरुद्धचा तो सामना टायगर्सनी ३-२ नं जिंकला. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, पण ऑर्डरवरून घरात भांडण लागायची वेळ आली की मी ही गोष्ट सांगतो.

तरी पहिल्या नंबराबद्दल एक जुनी समजूत काढून टाकावी लागते. आपण क्रिकेटवाले, ॲव्हरेज पाहून माणूस ओळखतो. २०२३ चा फिलाडेल्फिया फिलीजचा काइल श्वार्बर बघा. ॲव्हरेज .१९७, म्हणजे पाच प्रयत्नांत एक हिटसुद्धा पुरती नाही. वर २१५ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आउट. आणि असा माणूस बराचसा हंगाम पहिल्या नंबरावर! कुणाचंही डोकं फिरेल. पण त्याच माणसाचे ४७ होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखे) आणि १२६ वॉक. वॉक म्हणजे पिचरनं चार बॉल वाईट टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर (बेस म्हणजे रन पुरा करायला गाठायचे थांबे). ॲव्हरेजमध्ये वॉक धरत नाहीत, ऑन-बेस नावाच्या आकड्यात धरतात, आणि श्वार्बरचा ऑन-बेस होता .३४३, तर सगळ्या लीगचा साधारण .३२०. पहिल्या नंबरवाल्याचं काम काय? आउट न होता बेसवर पोचणं. ते तो इतरांपेक्षा जास्त करत होता. म्हणून शिव्या द्यायच्या आधी ॲव्हरेजच्या शेजारचा रकाना वाचा. तो वाचूनही राग राहिला तर खुशाल द्या.

कुणाला का बसवलं

हा राग ऑर्डरच्या रागापेक्षा वजनदार, कारण बसलेल्याला बॅटिंग शून्य मिळते. पण इथं तपासायच्या गोष्टी आहेत, आणि त्या मी व्हॉल्व्ह बदलायच्या आत उरकतो.

समोरचा पिचर डावखुरा आहे का उजव्या हाताचा, हे आधी पाहा. उजव्या हाताच्या पिचरसमोर डावखुऱ्या बॅटरला बॉल लवकर दिसतो, तसाच डावखुऱ्या पिचरसमोर उजव्या हाताच्या बॅटरला. म्हणून एकाच जागेवर दोघं ठेवून पिचरचा हात पाहून एकाला खेळवतात. न्यूयॉर्क यँकीजच्या केसी स्टेंगलनं हे इतकं सर्रास केलं की त्याचे खेळाडू कुरकुरायचे, पण १९४९ ते १९५३ सलग पाच वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची शेवटची अजिंक्यपदाची मालिका, त्यानंच जिंकली. मग पाहा काल रात्रीचा सामना होता का आणि आज दुपारचा आहे का. कॅचर माणूस नऊ-नऊ इनिंग उकिडवा बसतो, त्याला रात्रीनंतर लगेच दुपारी खेळवत नाहीत. वर, १६२ सामने साधारण सहा महिन्यांत, सुट्ट्या मोजक्या. ज्याला आज बसवलाय तो बहुधा दमलाय किंवा त्याचं काही दुखतंय आणि ते आपल्याला सांगायला टीम बांधील नाही.

एक आकडा मात्र पाहूच नका: "या पिचरसमोर याचे दहापैकी पाच हिट आहेत, तरी बसवला!" टीव्हीवाले तो मोठ्या अक्षरात दाखवतात. दहा प्रयत्न म्हणजे काहीच नाही, त्यातले दोन तर चुकून बॅटच्या कडेला लागून पडलेले असतात. आमच्या शेजारच्या शिवारातले नाना, जे मला बघून हा खेळ पाहायला लागले, ते याच आकड्यावर तासभर बोलू शकतात. "आप्पा, तुले कयत नाही," असं म्हणून ते विषय संपवतात. नानांना मी वही दिली आहे. त्यांनी ती उधारीच्या नोंदींना लावली.

रात्र जागायची ती पिचरसाठी

आता खरा विषय. मॅनेजरचा सामन्यातला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे पिचर केव्हा काढायचा. ऑर्डर तो दुपारी टेबलावर बसून लिहितो. हा निर्णय त्याला सगळ्यांसमोर, डगआउटमधून (टीमच्या बसायच्या जागेतून) उठून, चालत जाऊन घ्यावा लागतो. इथं सामने फिरतात, नोकऱ्या जातात.

दोन सामने शेजारी ठेवून पाहा. १६ ऑक्टोबर २००३, यँकीज विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स, लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. आठव्या इनिंगला बॉस्टन ५-२ नं पुढे, पिचर पेड्रो मार्टिनेझ, त्या काळचा सर्वांत धाकाचा. त्याला मार पडू लागला. मॅनेजर ग्रेडी लिटल चालत गेला, बोलला आणि त्याला तिथंच ठेवून परत आला. यँकीजनी ५-५ केले. पेड्रो गेला तेव्हा त्याचे १२३ बॉल झाले होते. अकराव्या इनिंगला यँकीजच्या ॲरन बूननं होमरन मारला आणि बॉस्टन बाहेर. लिटलला पुढच्या वर्षी ठेवलं नाही.

दुसरा, २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बेचा ब्लेक स्नेल अफाट टाकत होता. सहावी इनिंग, १-० आघाडी, फक्त ७३ बॉल, नऊ स्ट्राइकआउट. दुसरी हिट पडली आणि मॅनेजर केव्हिन कॅशनं त्याला काढला. पुढे येणारे डॉजर्सचे तिघं, बेट्स, सीगर आणि टर्नर, त्या सामन्यात स्नेलसमोर दोन-दोनदा येऊन दोन्ही वेळा स्ट्राइकआउट झालेले. त्याच्या जागी आलेला निक अँडरसन आधीच्या सहा सामन्यांत प्रत्येक वेळी रन देऊन बसला होता. बेट्सनं डबल (दोन बेसची हिट) मारला, एक बॉल कॅचरला चुकवून गेला, बरोबरी झाली, मग आघाडीही गेली. डॉजर्स ३-१ नं जिंकले आणि सिरीज घेऊन गेले.

एकानं फार उशीर केला, दुसऱ्यानं फार घाई. लोक म्हणतात, म्हणजे मॅनेजरनं काहीही केलं तरी शिव्याच. तसं नाही. कॅशकडे कारण होतं: एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटर त्याला ओळखू लागतात आणि मार वाढतो, हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांत दिसतं. म्हणून आजकाल पिचर लवकर काढतात. माझं म्हणणं, कारण सर्वसाधारण पिचरपुरतं बरोबर होतं, त्या रात्रीच्या त्या माणसापुरतं नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आत आणलेला थकलेला होता. तेव्हा कॅशवर चिडायचं तर "स्नेलला का काढलं" असं नुसतं म्हणू नका. "त्याच्याऐवजी कुणाला आणलं" हे विचारा. पिचर बदलण्याच्या प्रत्येक निर्णयाला हे दोन्ही प्रश्न लागतात आणि चिडलेला माणूस बहुधा पहिलाच विचारतो.

आता रीत. मॅनेजर डगआउटमधून बाहेर पडला आणि त्यानं पिचर बदलला की खेळ सुमारे दोन मिनिटं थांबतो. त्या दोन मिनिटांत वहीत लिहायचं: इनिंग, स्कोअर, बॉल किती झाले, पुढचे तीन बॅटर कोण आणि मी असतो तर काय केलं असतं. नव्या पिचरनं पहिला बॉल टाकायच्या आत पेन खाली. मग जे होईल ते होवो, लिहिलेलं खोडायचं नाही. आम्ही केळीवाले ही शिक्षा दर हंगामाला भोगतो. घड तयार आहेत म्हणून आज कापणी करून बोर्डाच्या (त्या दिवशी जाहीर झालेल्या) भावानं माल दिला आणि आठवड्यात भाव चढला, की सगळा गाव सांगतो थांबायला हवं होतं. कापणीच्या दिवशी यातला एकही बोललेला नसतो.

"या एका डावखुऱ्यासाठी डावखुरा पिचर आण आणि लगेच काढ" अशी मागणी आता चालत नाही. २०२० पासून नवा पिचर आला की त्याला किमान तीन बॅटरना बॉल टाकावे लागतात किंवा इनिंग संपवावी लागते. जुन्या क्लिपा पाहून खेळ शिकलेल्यांना हा नियम माहीत नसतो आणि ते फुकट घसा बसवतात.

एका निर्णयाला मात्र मी सवलत देत नाही. २०१६, टोरंटो विरुद्ध बाल्टिमोर, हरला तो घरी असा एकच सामना. बाल्टिमोरकडे झॅक ब्रिटन. त्या वर्षी आघाडी राखायच्या ४७ संधींपैकी ४७ राखलेला. सामना २-२, जादा इनिंगमध्ये गेलेला. मॅनेजर बक शोवॉल्टर ब्रिटनला राखून ठेवत राहिला, आघाडी मिळाली की आणू म्हणून. आघाडी आलीच नाही. अकराव्या इनिंगला टोरंटोच्या एडविन एन्कार्नासिओननं तीन रनांचा होमरन मारला, ५-२, आणि ब्रिटन बुलपेनमध्ये (राखीव पिचरच्या जागेत) बसल्या बसल्या हंगाम संपला. हा सामना मी नंतर पाहिला, निकाल माहीत असताना, आणि तरी मोबाइलवर ओरडलो. इथं निकालाची गरजच नाही. हरलो तर घरी जायचंय आणि सगळ्यात चांगला पिचर खुर्चीवर, हे होमरन बसायच्या आधीही चूकच होतं.

राग कुणाच्या नावावर मांडायचा, तेही पाहावं. आजचा मॅनेजर एकटा काही ठरवत नाही. वरच्या ऑफिसात आकडेवाले बसतात, लाइनअप त्यांच्याशी बोलून होतं आणि टीममध्ये कोण घ्यायचं हे तर मॅनेजरच्या हातातच नसतं. बुलपेनमध्ये दमदार माणूसच नसेल तर तो काय झाडावरून तोडून आणणार? सामना संपल्यावर पत्रकारांसमोर बसतो मात्र तोच. त्याच्या पगारात आपल्या शिव्याही धरलेल्या असाव्यात.

आणि लोकांनाच ठरवू दिलं तर? तेही करून झालंय. २४ ऑगस्ट १९५१ ला सेंट लुइस ब्राउन्सचा मालक बिल व्हेक यानं प्रेक्षकांना मॅनेजर केलं. लोकांच्या हातात हो-नाहीच्या पाट्या, प्रत्येक मोठ्या निर्णयाला पाट्या वर, बहुमत म्हणेल ते करायचं. खरा मॅनेजर झॅक टेलर मैदानाशेजारी झुलत्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. ब्राउन्स ५-३ नं जिंकले. नानांनी हे ऐकलं आणि दोन दिवस तेच धरून बसले. मी त्यांना एवढंच सांगितलं की त्या वर्षी ती टीम १०२ सामने हरली आणि तळाला राहिली. त्यावर ते म्हणाले, मग लोकांनाच वर्षभर ठेवायचं ना. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याच पोरीचं लाइनअप

टीव्हीवरचा मॅनेजर आपलं ऐकत नाही, म्हणून तिथं काहीही बोललं तरी चालतं. शाळेचे सर ऐकतात, म्हणून तिथं सांभाळावं लागतं. तालुक्याच्या सामन्यात पोरीला नवव्या नंबरावर पाठवलं होतं आणि माझ्या वहीत ती चौथी होती. मैदानाच्या कडेला दोन-तीन बाप आधीच तापलेले. अशा वेळी त्यांच्यात उभं राहायचंच नाही. लांब, रसवंतीपाशी जाऊन बसायचं.

सामन्याच्या दिवशी सरांना काहीच विचारू नये, जिंकलो तरी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पोरीला विचारून, जावं. पोरीला विचारणं महत्त्वाचं, कारण तिला बहुतेक वेळा कारण माहीत असतं आणि बाप शाळेत आलेला तिला नको असतो. माझीनं सांगितलंच होतं: "पप्पा, नववीनंतर पुन्हा पहिली येते. मी पळते म्हणून मला तिच्या पुढे ठेवलंय." म्हणजे ती बेसवर पोचली की मागून वरच्या नंबरवाल्या तिला घरी आणणार. मोठ्या लीगमध्येही काही मॅनेजर हेच करतात, नवव्याला दुसरा पहिला नंबर समजतात.

तरी गेलात तर दुसऱ्या कुणाच्या पोरीचं नाव तोंडातून काढू नका. "तिला का खेळवता, हिला का नाही" हे वाक्य बाहेर पडलं की सर पुढचं ऐकत नाहीत, आणि का ऐकावं? विचारायचं एवढंच: "सर, पुढच्या सामन्याआधी हिनं कशावर मेहनत घ्यावी?" आमच्या सरांनी लगेच सांगितलं, बंट कच्चा आहे. बंट म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता मरवून पुढ्यात टाकायचा आणि पळत सुटायचं. आता रोज संध्याकाळी अंगणात तोच सराव चालतो. बॉल मी टाकतो, खालून, सॉफ्टबॉलसारखा. माझा बॉल धड स्ट्राइकवर पडत नाही अशी तिची तक्रार आहे, आणि ती मला काढून तिच्या धाकट्या भावाला पिचर करायच्या विचारात आहे.